आधी कोणाला बघायचं?

मी पालघर तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. माझी आणि तुमची भेट एरवी होते ती हजेरीवही, कर्जवाटप आणि बँकेच्या पासबुकावरून. आज विषय दवाखान्याचा आहे. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. बी.ए. झालेली बाई आहे. पण गेल्या काही वर्षांत आपल्या गटातल्या इतक्या जणींबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसले, की तिथे काय चालतं ते थोडं थोडं कळायला लागलं. जिथे कळलं नाही तिथे सिस्टरांना विचारून घेतलं.

सुरुवात माझ्याच एका भांडणापासून करते.

दोन वर्षांपूर्वी, आवणीचे दिवस. आमच्या गटातल्या एका ताईचा नवरा बांधावरून घसरला आणि त्याचा हात मोडला. मी त्यांच्याबरोबर बोईसरला एका दवाखान्यात गेले. पाऊस धो धो, गर्दी ही एवढी. तो माणूस ओरडत होता, ताई रडत होती, आणि आम्ही दीड तास बसलेलो. तेवढ्यात एक विशीतला मुलगा आला, स्वतःच्या पायांनी चालत. अंगावर कंपनीचा गणवेश, बरोबर एक सोबती. ना रक्त, ना पट्टी. सिस्टरने त्याच्या बोटाला चिमटा लावला, छातीकडे बघत मिनिटभर उभी राहिली आणि त्याला थेट आत घेतलं.

माझं डोकंच फिरलं. मी उठले आणि म्हटलं, "आम्ही काय इथे तमाशा बघायला बसलोय का? ओळखीचा आहे वाटतं तुमच्या." सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. हा बोलू शकत नाहीये."

मी गप्प बसले, पण मनातून पटलं नव्हतं. तासाभराने त्या मुलाला ऑक्सिजन लावून गाडीतून पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं. त्याच्या सोबत्याने सांगितलं, कारखान्यात कसला तरी वायू नाकातोंडात गेला होता. सकाळी गेला, तेव्हा नुसता खोकला आला. दुपारी जेवलासुद्धा. संध्याकाळी दम लागला.

आपल्याकडे तारापूर एमआयडीसीत घरटी एक तरी माणूस कामाला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. काही वायू असे असतात की ते फुप्फुसात गेल्यावर लगेच काही दिसत नाही, काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. "आता बरं वाटतंय" म्हणून घरी येऊन झोपलेला माणूस रात्री अडचणीत येतो. तेव्हा कंपनीतून वायू लागून आलेल्या माणसाला, तो हसत असला तरी, त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. कुठला वायू होता ते त्याच्या सुपरवायझरला विचारून कागदावर लिहून न्या.

तर त्या सिस्टरने जे केलं त्याला एक नाव आहे, ट्रायाज. फ्रेंच शब्द आहे, अर्थ साधा: निवडणं, वेगळं करणं. सातपाटीच्या बंदरावर बोट लागली की बाया पापलेट आकाराप्रमाणे वेगळे करतात, तसंच. फरक एवढाच की इथे सगळ्यांत जास्त बिघडलेलं आधी उचलायचं. दोनशे वर्षांपूर्वी नेपोलियनच्या सैन्यात लारे नावाचा एक शल्यवैद्य होता. त्याने रणांगणावर नियम घातला की जखमी कुठल्या हुद्द्याचा आहे ते बघायचं नाही, कोणाची जखम जास्त धोक्याची आहे ते बघायचं. म्हणजे सेनापतीच्या खरचटलेल्या गुडघ्याआधी शिपायाचं फुटलेलं पोट. आजही मोठ्या दवाखान्यांत अपघात विभागात लाल, पिवळा, हिरवा असे रंग करतात. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे थोडं थांबला तरी चालेल पण लक्ष ठेवा, हिरवा म्हणजे बसू द्या. आमचा हात मोडलेला माणूस पिवळ्यात होता. तो मुलगा लाल होता.

आता कोणी म्हणेल, सिस्टरच्या मनाला येईल तो रंग. तसं होऊ नये म्हणूनच मोजमाप आलं.

आपल्याला हे नवीन नाही बरं का. आपल्या गटाला बँक कर्ज देते ती तोंड बघून देत नाही. पंचसूत्री बघते: बैठक नियमित आहे का, बचत नियमित आहे का, अंतर्गत कर्ज दिलं का, परतफेड झाली का, हिशेब लिहिलाय का. पाच गोष्टी, प्रत्येकीला गुण, आणि बेरजेवरून गटाची श्रेणी. नेमकं हेच अमेरिकेत व्हर्जिनिया अपगार नावाच्या डॉक्टरबाईंनी बाळांसाठी केलं. १९५३ साली त्यांनी ही पद्धत छापून प्रसिद्ध केली. त्याआधी जन्मलेलं बाळ निळं पडलेलं असलं, रडत नसलं तर कोणी म्हणे "होईल ठीक", कोणी सोडून देई. बाईंनी सांगितलं, पाच गोष्टी बघा: रंग, हृदयाचे ठोके, डिवचल्यावर तोंड वाकडं करतंय का, हातपाय हलवतंय का, श्वास कसा आहे. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. जन्मल्यावर एका मिनिटाने मोजायचं आणि पाच मिनिटांनी पुन्हा. तुमच्या बाळंतपणाचा कागद घरी असेल तर काढून बघा, त्यावर "अपगार" लिहून पुढे दोन आकडे असतील.

मोठ्या माणसांसाठीही अशा बेरजा आहेत. डोक्याला मार लागला तर डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हातपाय हलवतो का, यावर ३ ते १५ गुण देतात. ही पद्धत १९७४ साली ग्लासगो शहरातल्या दोन डॉक्टरांनी काढली. इंग्लंडमध्ये २०१२ पासून वॉर्डातल्या रोग्याचा श्वास, ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब, ताप आणि शुद्ध यांची बेरीज करतात. सात किंवा जास्त झाली की डॉक्टरला धावत बोलवायचं. त्यात मला आवडलेली गोष्ट ही, की धावत बोलवायचा अधिकार आकड्याने मिळतो. नवी, घाबरणारी सिस्टरसुद्धा मोठ्या डॉक्टरला झोपेतून उठवू शकते, "साहेब, सात झाले" म्हणून.

आता आपल्या घरातली गोष्ट. २०२० च्या सप्टेंबरात "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम आली तेव्हा आशाताईंबरोबर मीही पाड्यापाड्यांवर फिरले. हातात ताप बघायची बंदूक आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. सुरुवातीला बाया बोट पुढे करायला घाबरायच्या. एक आजी मला म्हणाली, "यातून रक्त ओढता का गं?" हे यंत्र ज्यातून आलं ती युक्ती १९७४ साली आओयागी नावाच्या जपानी इंजिनिअरने शोधली. रक्तातल्या ऑक्सिजनप्रमाणे लाल उजेड कमीजास्त शोषला जातो, त्यावरून हिशेब. सगळं जग आपलं बोट या चिमट्यात घालत होतं, त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये ते वारले.

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, आमच्या घरी सासूबाईंना ताप आला. वय ५८. विचारलं की एकच उत्तर, "मला काय झालंय? बरी आहे मी." स्वतः उठून चहा केला. ऑक्सिमीटर ९५ दाखवत होता. तेव्हा सरकारने सहा मिनिटं चालायची चाचणी सांगितली होती: आधी मोजा, घरातल्या घरात सहा मिनिटं चाला, पुन्हा मोजा. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटं. तीनपेक्षा जास्त उतरला किंवा ९३ च्या खाली गेला, तर दवाखाना. आई ओटीवरून परसदारी फेऱ्या घालत होत्या आणि मला शिव्या देत होत्या. चालून झाल्यावर आकडा होता ८९.

त्या वेळी रोगी कुठे ठेवायचा हेसुद्धा अशाच आकड्यांवर ठरत होतं. ९४ किंवा वर आणि दम नाही तर सौम्य, घरीच. ९० ते ९३ किंवा मिनिटाला २४ आणि वर श्वास असले तर मध्यम, वॉर्डात. ९० च्या खाली किंवा श्वास ३० च्या वर तर गंभीर, अतिदक्षता. सरकारने दवाखान्यांच्याही तीन पायऱ्या केल्या होत्या. खाटा कमी आणि माणसं जास्त, तेव्हा आकडा नसता तर खाट कोणाला गेली असती हे मी तुम्हाला सांगायला नको. आईंना नऊ दिवस ऑक्सिजन लागला. घरी आल्या आणि म्हणाल्या, "मी सांगत होते ना, काही झालं नाही म्हणून."

पण आकडा म्हणजे देव नाही. बोट थंड असलं, आवणी करून पाण्यातून आलेलं असलं, नखांना गडद रंग असला तर ऑक्सिमीटर चुकतो. अमेरिकेत २०२० च्या शेवटी डॉक्टरांनी दाखवून दिलं की काळ्या वर्णाच्या रोग्यांत यंत्र खरा ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं; गोऱ्यांच्या मानाने जवळजवळ तिप्पट वेळा खरी घट लपून राहिली. आपण काही गोरे नाही. तेव्हा यंत्र ९४ म्हणतंय पण माणसाला एक वाक्य पूर्ण बोलता येत नाहीये, तर माणसाकडे बघायचं.

आता जे सांगते ते सांगायचं की नाही याचा मी खूप विचार केला. जिच्याबद्दल आहे तिला विचारून सांगतेय. ती म्हणाली, नाव घेऊ नका, बाकी सांगा.

आमच्या एका गटातली ही बाई, आठवा महिना. सकाळपासून डोकं दुखत होतं, पाय सुजलेले, डोळ्यांपुढे अंधारी. नवरा कामावर. ती एकटीच शेअर रिक्षाने तपासणीला गेली. ठिकाणाचं नाव मी घेत नाही. रांग मोठी होती. तिचा नंबर जवळ आला तेव्हा मागे एक बाई रडणारं पोर घेऊन उभी होती. हिने तिला आपली जागा दिली. मग एका म्हाताऱ्या आजीला दिली. मग खाली बसली. ओपीडीची वेळ संपता संपता ती आत गेली. तिथे घाईघाईत विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "काही नाही, जरा डोकं दुखतंय." डोकेदुखीची गोळी मिळाली. रक्तदाबाचा पट्टा त्या दिवशी तिच्या दंडाला लागलाच नाही. कार्डावर त्या तारखेपुढचा रकाना कोरा आहे, मी स्वतः पाहिलाय.

रात्री झटके आले. १०८ ला फोन गेला, गाडी आली, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी करत पहाटे सिझेरियन झालं. ती वाचली. बाळ नाही वाचलं.

गरोदरपणात रक्तदाब १४०/९० झाला की जास्त. १६०/११० झाला तर तातडीचं. आणि डोकं फुटायला येणं, अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं यातलं काही असेल तर ती बाई रांगेत उभी राहणाऱ्यांतली नाही, ती लाल रंगातली आहे. हे तिला माहीत नव्हतं. मलाही तेव्हा माहीत नव्हतं. मी दर महिन्याला तिच्याकडून बचतीचे शंभर रुपये मोजून घेत होते.

मी त्या ठिकाणी जाऊन विचारलं. एका दिवसात किती रोगी, किती माणसं कामाला, ते त्यांनी सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. तरी पट्टा लावायला दोन मिनिटं लागतात हेही खोटं नाही. मी दोन्ही गोष्टी मनात ठेवते. त्यांच्यावरचा राग पूर्ण गेलेला नाही.

पण त्याच्याइतकंच मला तिचं ते "काही नाही" खुपतं. आपल्याला लहानपणापासून तेवढंच शिकवलंय. पुरुषाला काटा टोचला तर अख्ख्या आळीला कळतं. बाई तापात भाकऱ्या थापते आणि विचारलं तर म्हणते, बरं आहे. जिथे तक्रारीवरून नंबर लागतो तिथे न बोलणारी मागे राहणार. म्हणून मला आकडे हवेत. आकड्याला लाजायची सवय नसते.

तर आता आम्ही गटांत काय करतो ते सांगते. दवाखान्यात गेल्यावर "बरं नाही वाटत" एवढंच म्हणायचं नाही. कधीपासून, कालच्यापेक्षा आज काय वाढलं, आणि हातात असेल तो आकडा. "सिस्टर, आठवा महिना आहे, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, माझा बीपी आत्ता बघा." पाठ करून घेतलंय आम्ही हे वाक्य, बैठकीत, गाणं म्हटल्यासारखं. बघितल्यावर किती आला ते विचारायचं आणि कार्डावर लिहून घ्यायचं. हिमोग्लोबिनसुद्धा विचारायचं: गरोदर बाईचं ११ च्या खाली म्हणजे कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर.

लहान लेकराला सर्दी-खोकला असेल तर ते शांत असताना, दूध पीत नसताना, पोटावरचं झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. मोबाईलवर घड्याळ आहेच. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाचं असेल तर ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जोरात आहे; घरी थांबू नका. छाती आत ओढली जात असेल, पीत नसेल, झटके आले, उठवूनही उठत नसेल, तर मोजत बसायचंही नाही, निघायचं.

अंगणवाडीत दंडाला लावतात ती तिरंगी पट्टी तुम्ही पाहिली आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा पिवळा. लालातही पुन्हा निवड असते. मूल खातंय, ताप नाही, सूज नाही, तर गावातच बाल विकास केंद्रात. खात नाही किंवा सोबत आजार आहे, तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीला एवढी मुलं दगावली, तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, त्यानंतर कुठे मोजायची चळवळ नेटाने सुरू झाली. एक लक्षात ठेवा, पट्टी घट्ट आवळली तर पिवळं मूल लालात जातं आणि सैल धरली तर लाल मूल पिवळ्यात. मोजताना आई म्हणून तिथे उभ्या राहा.

अजून एक बोलते. आपल्याकडे बाया म्हणतात, "त्या सरकारी दवाखान्यात नको, तिथे माणसं जास्त मरतात." असेल. पण जव्हारच्या कुटीर रुग्णालयात डोंगरातून झोळीत घालून शेवटच्या घटकेला आणलेला रोगी येतो, आणि एखादा खासगी दवाखाना बिघडलेला रोगी दिसला की दारातूनच सिल्वासा, नाशिक, ठाणे दाखवतो. मग मरणं कोणाकडे कमी दिसणार? यासाठीही मोजमाप काढलेलं आहे. १९८१ साली अमेरिकेत डॉ. नाऊस आणि त्यांच्या सोबत्यांनी अतिदक्षता विभागासाठी पद्धत केली: रोगी आत येतानाच किती बिघडलेला होता ते आकड्यात मांडायचं. पहिल्यांदा ३४ गोष्टी मोजायचे, पुढे १२ वर आणल्या. तेवढा हिशेब घातल्याशिवाय दोन दवाखान्यांची तुलना करणं म्हणजे कातकरी पाड्यावरच्या गटाची बचत स्टेशनजवळच्या गटाशी ताडून पाहण्यासारखं आहे. आपल्या बैठकीत कोणी असं केलं तर आपण केवढ्या भांडतो!

१०८ बद्दल थोडं. ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ मोठ्या, जास्त उपकरणं असलेल्या. म्हणजे गाडीतसुद्धा दोन प्रकार, आणि तुम्ही फोनवर काय सांगता त्यावरून कुठली पाठवायची याचा अंदाज घेतात. "लवकर या हो" म्हणून फोन ठेवू नका. शुद्धीवर आहे का, श्वास कसा आहे, रक्त जातंय का, किती महिन्यांची गरोदर, एवढं सांगा. आणि पाड्याची खूण सांगा, नाहीतर गाडी मासवणला फिरत राहते आणि आपण मनोरला वाट बघतो.

आमच्या ग्रामसंघाने गेल्या वर्षी रक्तदाबाचं एक यंत्र घेतलं. वर्गणीवरून दोन बैठका भांडण झालं, एकीने तर त्यापेक्षा मोठं पातेलं घ्या म्हणून सांगितलं, लग्नाकार्याला उपयोगी पडेल. शेवटी यंत्र आलं. ते कोणाच्या घरी राहणार यावर पुन्हा भांडण. आता ते तिच्याकडे असतं, जिची गोष्ट मी मघाशी सांगितली. पाड्यावर कोणी गरोदर असली की ती पंधरा दिवसांनी जाते, बाईला पाच मिनिटं शांत बसवते, मग पट्टा लावते आणि आकडा कार्डावर लिहिते. बाई म्हणाली, "काही नाही गं, बरी आहे मी," तर ती नुसतं म्हणते, "हो, हात पुढे कर."